न कळलेला झटका

चोपड्यात बन्सीलाल शेठच्या कापडदुकानाला लांबट ओटा होता आणि त्या ओट्यावर दोन शिंपी बसत. एक गिरधर आणि दुसरा उखर्डू. गिऱ्हाईक आत शेठकडून कापड फाडून घ्यायचं आणि बाहेर येऊन दोघांपैकी एकाच्या हातात द्यायचं. शर्ट-पायजमे गिरधर शिवायचा. लेंगे, कोपऱ्या, उशांचे अभ्रे उखर्डूकडे. दोघांच्या मशिनींमध्ये एक पत्र्याचा डबा असे आणि त्यात बिडीची थोटकं पडत. कापडावर ठिणगी पडू नये म्हणून ते दोघं बिडी ओढताना ओट्याच्या कडेला पाय खाली सोडून बसत. बोलणं फारसं नसेच. एकानं काडी ओढायची, दुसऱ्यानं तोंड पुढे करायचं, एवढंच.

गिरधरची बायको मंदाबाई काविळीनं गेली तेव्हा पोर शाळेत होती. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. कमलला त्यानंच वेणीफणी करून शाळेत धाडलं, भाकरी थापायला शिकला, तिला शिकवलं आणि सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात धुळ्याला चांगल्या घरी दिली. मग घरात तो एकटा उरला. त्याला साखरेचा आजार होता, पण तो आजार आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. गोळ्या होत्या, आठवल्या की घ्यायचा. तहान लागते, रात्री उठावं लागतं, पायांना मुंग्या येतात, हे वयामुळं होतं असं तो समजत होता.

एकोणनव्वद साली त्याला सुईत दोरा ओवता येईना. आधी उखर्डू ओवून देई. मग शिवणीही वाकडी जायला लागली आणि एका गिऱ्हाइकानं शर्ट तोंडावर फेकला. तेव्हा तो जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. मोतीबिंदू होता, ऑपरेशन करायचं ठरलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "साखर आहे, तर आधी खैरनार डॉक्टरांकडून तपासून या. छातीची पट्टी, ई.सी.जी., काढून आणा."

डॉक्टर खैरनार पन्नाशीचे, शांत बोलणारे होते. त्यांच्या टेबलाशी कागदाची ती लांब पट्टी पसरलेली होती. त्यांनी ती दोनदा वाचली आणि वर न बघताच विचारलं,

"तुम्हाला हार्ट अटॅक कधी आला होता?"

गिरधरनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"मले?" घाबरला की त्याच्या तोंडी घरची बोली यायची. "मले नही येल साहेब."

"आलेला आहे. हृदयाच्या खालच्या भागावर जुना डाग दिसतोय. कधी छातीत दुखलं होतं? डावा हात भरून आला होता?"

"छातीत कधीच दुखलं नाही. खोटं कशाला सांगू?"

डॉक्टरांनी त्याला पलंगावर बसायला सांगितलं, चपला काढायला लावल्या आणि डोळे मिटायला सांगितलं. मग विचारलं, "काय वाटतंय?"

"काही नाही."

"डोळे उघडा."

डॉक्टर त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पेन्सिलीचं टोक दाबून धरून उभे होते.

"साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात," ते म्हणाले. "जसं हे टोक तुम्हाला कळलं नाही, तशी छातीतली कळही कळत नाही. बाकीच्या माणसाला झटका येतो तेव्हा तो ओरडतो, चार माणसं जमा होतात, दवाखान्यात नेतात. साखरेच्या माणसाचा झटका कधी कधी असा गुपचूप येऊन जातो."

"मग तो कधी आला?"

"ते ही पट्टी सांगत नाही. वर्ष झालं असेल, दोन झाली असतील."

रक्तदाब वाढलेला होता. रक्तातली साखर फार होती. पायाची नाडी डॉक्टरांना बराच वेळ चाचपावी लागली. त्यांनी औषधं लिहिली: साखरेच्या गोळ्या, दाबाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी एक छोटी गोळी. मग बिडीचं विचारलं. गिरधरनं खिशावर हात ठेवला.

"बिडी कमी करायची नाही, बंद करायची," डॉक्टर म्हणाले. "साखर रक्तवाहिन्या आतून खराब करते, बिडी त्यांना आवळते, दाब त्यांना फाडायला बघतो. तिघं मिळून काम करताहेत. मीठ कमी, पापड-लोणचं-तळण बंद, गोड बंद. रोज सकाळी चालायचं. पहिला झटका तुमच्या नशिबानं सौम्य होता. दुसरा येऊ द्यायचा नाही."

"एवढं केलं तर येणार नाही?"

"खात्री देत नाही. पण न येण्याची शक्यता पुष्कळ वाढेल."

परतीच्या एस.टी.त त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. तापीचा पूल ओलांडताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तो दिवस कोणता? माणसाच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट घडते आणि त्याला ठाऊकच नसतं, हे त्याला पटेना. एका दिवाळीच्या गर्दीत ओट्यावर दरदरून घाम फुटला होता. उखर्डूनं पाणी पाजलं होतं आणि जागरणाचा त्रास म्हणून सोडून दिलं होतं. अमळनेरच्या स्टँडवर एकदा ओकारी झाली होती. त्याचं खापर भज्यांवर फोडलं होतं.

आणि एक दिवस आणखी होता. कमलची पाठवणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. पाहुणे निघून गेले होते. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. तो भांडी आत नेत होता आणि एकाएकी हातातलं पातेलं जड झालं. तो उंबऱ्यावर बसला. घसा आवळल्यासारखा झाला, अंगावरचा सदरा भिजला, जीव नुसता खाली खाली जात होता. त्याला वाटलं, पोर गेली म्हणून असं होतंय. बापाला असं होतच असेल. तो तसाच भिंतीला टेकत आत गेला आणि गोधडीवर पडला तो दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. हाक मारायला घरात कोणी नव्हतं, आणि कोणाला हाक मारावी असं त्याला सुचलंही नव्हतं.

हाच दिवस होता असं तो छातीठोकपणे कोणाला सांगू शकला नसता. पण चोपड्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा त्यानं मनाशी तोच धरला होता.

डोळ्याचं ऑपरेशन पुढं यथावकाश झालं, जाड भिंगाचा चष्मा आला आणि तो पुन्हा ओट्यावर बसायला लागला. पहिल्या दिवशी उखर्डूनं नेहमीसारखी काडी ओढली आणि बिडी पुढं केली.

"नको," गिरधर म्हणाला.

"का रे?"

"डॉक्टरनी सोडाले सांगेल शे."

"मी कुठं सांगतो रोज ओढ? डोळा चांगला झाला म्हणून एक ओढ."

"नको रे भाऊ."

झटक्याचं त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उखर्डू समजला असता. पण ओट्यावर बोललेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं, आणि छातीचा आजार असलेल्या शिंप्याकडे लग्नसराईचं काम कोण देणार, अशी त्याला भीती होती. उखर्डूनं आठ-दहा दिवस बिडी पुढं केली. मग करणं सोडलं. बिडीच्या वेळी तो ओट्याच्या कडेला बसायचा तेव्हा गिरधर मशिनीवरच बसून राहायचा, कारण धुराचा वास जवळून आला की त्याला ओढावीशी वाटे. उखर्डूला वाटलं, हा आता आपल्यापाशी बसत नाही. दोघांच्यात भांडण झालं नाही, अबोलाही नव्हता. काडी ओढायची आणि तोंड पुढं करायचं, एवढंच काय ते त्यांच्यात होतं, आणि तेच राहिलं नाही. पुढच्या वर्षी उखर्डूचा मुलगा त्याला सुरतेला घेऊन गेला. त्याच्या जागी शेठनं कापडाच्या गाठी ठेवल्या.

घरी गिरधरनं लोणच्याची बरणी शेजारच्या आक्काबाईंना देऊन टाकली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी तो आधीसारखीच करायचा, पण पिठात मीठ घालणं बंद केलं. पहिले काही दिवस घास घशाखाली उतरेना. तेलाची धार बंद झाली, ठेच्याऐवजी कांदा आणि मेथीची भाजी. लग्नाच्या पंगतींना जाणं त्यानं टाळायला सुरुवात केली. पानात वाढलेलं तसंच ठेवून उठलं तर यजमान दुखावतो, खाल्लं तर आपण मरतो. त्यापेक्षा तो अक्षता टाकून मागच्या दारानं निघून येई. लोक म्हणायला लागले, गिरधर शिंप्याला गर्व झाला.

सकाळी तो स्पिरिटचा दिवा पेटवायचा. डॉक्टरांनी काचनळी आणि निळं औषध दिलं होतं. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर चांगलं. हिरवा झाला तर जपून. पिवळा, नारिंगी, विटकरी झाला तर वाईट. रंगांची त्याला जन्माची पारख. नळीतला हिरवा मेंदीचा आहे की पोपटी, हे तो उजेडात धरून बघत बसे. आक्काबाईंनी एकदा खिडकीतून ते पाहिलं आणि गल्लीत सांगितलं की भाऊ काहीतरी देवदेवस्की करतात. त्यानं खुलासा केला नाही.

मग चालणं. यावल रस्त्यानं केळीच्या बागा सुरू होईपर्यंत जायचं आणि परत यायचं. पायांना कळत नाही म्हणून डॉक्टरांनी अनवाणी चालू नका असं बजावलं होतं. तो घरातही चप्पल घालायचा आणि आल्यावर आरशाचा तुकडा घेऊन तळवे बघायचा. त्या काळी चोपड्यात कामाशिवाय कोणी चालत नसे. समोरून येणारा हमखास कुठं निघालात म्हणून विचारी,

"कथा चालनात भाऊ?"

"कथाच नही."

विचारणारा थबकून बघे. एकदा बैलगाडीवाल्यानं मुद्दाम गाडी थांबवली. "बसा ना, सोडी देस." गिरधर म्हणाला, नको, मला चालायचंच आहे. गाडीवाला बराच वेळ मागं वळून वळून बघत होता. त्यानंतर कोणी विचारलं तर तो सांगे, "शेतावर." त्याला शेत नव्हतं. पण मग कोणी पुढं विचारत नसे.

असं करत ब्याण्णव साल आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पण कमल त्या वर्षी बाळंतीण होती. म्हणून गिरधरच धुळ्याला नातवाच्या बारशाला गेला. व्याही वारलेले होते. घर कमलची सासू भिकुबाई चालवीत. अंगानं स्थूल, आवाज करडा, माणसांत रमणाऱ्या बाई. खापरावर पुरणाच्या पोळ्या निघत होत्या, पातेलंभर आमरस होता. गिरधरच्या पानात भिकुबाईंनी स्वतः दोन पोळ्या वाढल्या आणि वर तुपाची वाटी पालथी करायला लागल्या.

त्यानं पानावर हात आडवा धरला. "नको अक्का. मला भाकर असली तर द्या."

"बारशाना दिन भाकर?" भिकुबाईंचा हात तसाच राहिला. "मन्हा घरनं गोड चालत नही का भाऊ?"

पंगत बघायला लागली. कमल आतून दारात आली. बाळंतपणानं तिचा चेहरा उतरलेला होता. "आबा, एक घास घ्या. माझ्यासाठी."

"पोरी, नको म्हणतो ना."

"तुम्ही आलात की असंच करता. मागच्या वेळी पापड बाजूला काढला. लोक मला विचारतात, तुझा बाप आमच्याकडे जेवत का नाही? काय सांगू मी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा ते बोलून टाकलं. हळू आवाजात, पानाकडे बघत.

"मला हार्ट अटॅक येऊन गेला बेटा. साखरेमुळं. दुसरा येऊ नये म्हणून जपतो."



"कधी?" कमलनं विचारलं.

"ते कळलंच नाही. दुखलं नाही. मागून पट्टीत निघाला."

"म्हणजे कधी आबा? कोण होतं तुमच्याजवळ?"

लग्नाच्या दुसऱ्या दिवसाचं त्याच्या ओठांवर आलं होतं. बारशाच्या घरात, बाळाच्या आईला ते सांगणं त्याला जमेना. "ते डॉक्टरलाही माहीत नाही," एवढंच तो म्हणाला. कमल तोंडाला पदर लावून आत गेली. कोणीतरी भाकरी आणून वाढली. ती खारट होती. त्यानं ती खाल्ली.

दुपारी सगळे लवंडले तेव्हा तो पडवीत बसला होता. भिकुबाई येऊन खांबाशी बसल्या. बराच वेळ त्या वातींचा कापूस पिंजत राहिल्या.

"भाऊ, माले बी साखर शे," त्या म्हणाल्या. "सात-आठ वर्षांपासून."

"माहीत आहे मला. कमलनं सांगितलं होतं."

"तुम्हले काय व्हये? दुखे नही, मग काय व्हये?"

"घाम फुटायचा. जीव घाबरा व्हायचा. जिना चढताना दम लागायचा, ओकारी यायची."

भिकुबाईंचा कापूस पिंजणारा हात थांबला. मग त्यांनी सांगितलं की महिनाभर झाला, पाण्याची कळशी घेऊन ओसरीवर चढलं की त्यांना खाली बसावं लागतं. गार घाम येतो. घरात सांगितलं नाही. सून बाळंतीण, लेक कामावर. पित्त झालं असेल म्हणून त्या सोडा घेत होत्या.

"अक्का, उद्याच चला," गिरधर म्हणाला. "मी येतो बरोबर. बारसं झालं, आता काय थांबायचं?"

"लेकाला नका सांगू."

"सांगू नंतर. आधी पट्टी काढू."

दुसऱ्या दिवशी तो परत निघणार होता, निघाला नाही. धुळ्यातल्या एका डॉक्टरांकडे दोघं रिक्षानं गेले. पट्टी निघेपर्यंत तो बाकड्यावर बसून होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावरचा देव कोणता हे त्याला नंतर आठवत नव्हतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की हृदयाला रक्त कमी पडतंय, दाब फार आहे, पण अजून डाग पडलेला नाही. वेळेवर आलात. आठवडाभर त्यांना दवाखान्यात ठेवलं. जावई धावत आला, आधी चिडला, मग गिरधरच्या पाया पडला.

भिकुबाईंना दातांना मशेरी लावायची सवय होती. डॉक्टरांनी ती सोडायला सांगितली. दवाखान्यात पलंगावर बसून त्यांनी गिरधरला विचारलं, "तुमची बिडी कशी सुटली हो?"

"सुटली नाही अक्का. रोज सकाळी उठून सोडतो."

त्या हसल्या. धुळ्याला आल्यापासून गिरधरही पहिल्यांदाच हसला.

कमलनं आणि जावयानं त्याला राहायचा फार आग्रह केला. तो पंधरवडा राहिला. मुलाला मांडीवर घेऊन बसायचा, भिकुबाईंबरोबर मीठ नसलेली भाजी खायचा. पण दुपारी हातांना काम नसे. धुळ्याच्या रस्त्यांवर चालायला गेलं तर कुठं निघालात म्हणून विचारणारंही कोणी नव्हतं. चोपड्यात निदान विचारणारे होते. तो परत आला.

परत आल्यावर घर तसंच होतं. कुलूप काढून तो आत गेला, स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं. दोन-तीन दिवस त्याला जेवण करावंसं वाटेना. एका सकाळी तो चालायला गेला नाही. गोधडीवर पडून छताच्या वाशांकडे बघत राहिला. एवढं जपून कोणासाठी जगायचं, असं त्याच्या मनात आलं. ओट्यावर चहावाल्यानं गोड चहा पुढं केला आणि त्यानं तो घेतला. दुसऱ्या सकाळी नळी विटकरी झाली. त्यानं ती धुतली, चप्पल घातली आणि यावल रस्त्याला लागला.

पुढं स्टँडजवळ एस.टी.डी. बूथ निघालं. दर रविवारी सकाळी तो तिथं रांगेत उभा राही. धुळ्याला घराखालच्या किराणा दुकानात फोन होता. आधी कमल येई. ती नेहमी तेच विचारी: आबा, जेवता का, औषध घेता का, कधी येता. तो नेहमी तेच सांगे. मग ती म्हणे, "थांबा, आत्यांना बोलायचंय," आणि भिकुबाई हळूहळू जिना उतरून येत. त्यांची वाट बघताना बूथच्या काचेबाहेर लोक खोळंबत, पण तो फोन ठेवत नसे.

शहाण्णवच्या हिवाळ्यात डॉक्टर खैरनारांनी त्याची पुन्हा पट्टी काढली. जुना डाग होता तेवढाच होता, नवीन काही नव्हतं. दाब ताब्यात होता, पायाची नाडी लागत होती. "चांगलं चाललंय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. गिरधर जळगावच्या रस्त्यावर आला. हे कोणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं. पण काय सांगायचं? काही झालं नाही म्हणून? मंदाबाई असती तर तिला ते सांगता आलं असतं. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला त्यानं केळीचा भाव विचारला, आणि तो माणूस चोपडा येईपर्यंत भावाबद्दल बोलत राहिला.

रविवारी त्यानं फोन लावला. त्या दिवशी कमल नव्हती, भिकुबाईच आल्या. त्यांना दम लागलेला ऐकू येत होता, पण फार नाही.

"अक्का, पट्टी काढली. नवीन काही निघालं नाही."



"काहीच नही?"

"काहीच नाही."

"भाऊ," भिकुबाई म्हणाल्या, "हे फार मोठं काम झालं." आणि मग त्यांनी विचारलं की सकाळी कितीपर्यंत चालता, ऊन लागतं का, मेथी अजून मिळते का बाजारात, आणि तो एकेक सांगत राहिला. बाहेरच्या माणसानं काचेवर बोटानं टकटक केलं तेव्हा त्यानं हातानंच, जरा थांबा, अशी खूण केली.